सासूबाईंच्या खोलीला लुगड्याचा पडदा: कापू का?

इंदूर, राजवाड्यामागचं जुनं घर. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. खोलीचं दार आत उघडायचं आणि वॉकर अडायचा, म्हणून दारच काढून टाकलं. चौकट ३ फूट रुंद, साडेसहा फूट उंच.

टेलर म्हणतो, पडदा जमिनीपर्यंत घ्या. मला नको. पूर्वीचा पडदा उंबरठ्यापासून वीतभर वर होता. दुपारी पलंगावर पडल्या पडल्या त्या पावलांवरून माणूस ओळखतात. जोडवी दिसली की मी, मोजे दिसले की नातू शाळेतून आला. एवढी करमणूक त्यांची हिरावून घ्यायची नाही. शिवाय लांब पडदा वॉकरच्या पायात आला तर?

पेटीत त्यांचं महेश्वरी नऊवार आहे. 'ह्याचाच कर' म्हणतात. माझी कात्री चालत नाही. टिकेल का ते?

शिवणवाली : महेश्वरीत बहुधा उभा धागा रेशमी, आडवा सुती. टांगल्यावर भार रेशमावर येतो, जुनं असेल तर तिथेच फाटतं. म्हणून एकेरी नको. नऊवार म्हणजे २७ फूट. मधोमध एकच काप घ्या, साडेतेरा फुटांचे दोन तुकडे होतील. प्रत्येक दुमडून दुहेरी करा आणि दुमडीखाली टीप मारून नेफा काढा. दोन भाग झाले की वॉकर मधून जाईल. महेश्वरीचे काठ दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, दारासाठी ह्याहून बरं कापड नाही. फक्त स्प्रिंगची तार नको, मध्ये झोळ येतो. दांडीच लावा.

बडोदेकर : मी नाही कापणार. दाराच्या पडद्याला दिवसातून पन्नासदा हात लागतो, दर आठवड्याला धुवावा लागतो. साधं सुती घ्या, लुगडं ठेवा.

शिवणवाली : आधी उजेडासमोर धरून बघा. घड्यांवर विरलं असेल तर कळेल.

प्रश्नकर्ती : धरलं. एकाच घडीवर विरलंय, बरोब्बर मधोमध. तिथेच काप येणार होता! बडोदेकर, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, 'पेटीत ठेवून ते कुणाला दिसतंय?' खाली वीतभर मोकळं सोडून माप घेतलंय, उरलेलं आत मुडपते. दांडी उद्या आणते.