रक्ततपासणी शिबिराच्या प्रस्तावावर सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. एका प्रयोगशाळेने आपल्या आवारात कर्करोग-तपासणी शिबिर घेण्याचा प्रस्ताव पाठवला आहे. रक्ताच्या एकाच नमुन्यातून आठ ट्यूमर मार्कर (कर्करोगात रक्तातले प्रमाण वाढू शकते असे पदार्थ) तपासून ‘संपूर्ण शरीराची कर्करोग-तपासणी’ करून देऊ, असे पत्रकात म्हटले आहे. इच्छुकांनी रविवारपर्यंत नावे द्यावीत आणि कोणाचे काही मत असल्यास इथेच मांडावे.

बी-२०३ : माझे आणि सौभाग्यवतींचे नाव घ्यावे. कर्करोग लवकर कळला तर बरा होतो, हे आपण नेहमी ऐकतो. एका सुईत काम भागत असेल तर मागे का राहायचे?

सी-५०१ : सचिवसाहेब, मी तीस वर्षे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लवकर कळणे चांगले हे खरेच आहे, पण या पत्रकातल्या बहुतेक चाचण्या त्या कामाच्या नाहीत. सीए-१२५, सीईए यांसारखे मार्कर मुख्यतः ज्यांचे निदान आधीच झाले आहे त्यांच्यात उपचार लागू पडतो आहे का, आजार उलटतो आहे का, हे पाहण्यासाठी वापरतात. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणातही वाढते, सीईए धूम्रपान करणाऱ्यांत वाढलेले आढळते; उलट, कर्करोग खरोखरच असला तरी सुरुवातीला दोन्ही अगदी मर्यादेत असू शकतात. त्यामुळे आकडा वाढला म्हणजे रोग आहेच असे ठरत नाही आणि आकडा नॉर्मल आला म्हणून निश्चिंतही होता येत नाही.

ए-७०४ : काकूंच्या मुद्द्याला हिशेबाची जोड देतो. समजा, वरवर निरोगी दिसणाऱ्या १००० जणांपैकी ५ जणांना कर्करोग आहे, आणि चाचणी रोग्याला दहापैकी नऊ वेळा पकडते व निरोगी माणसाला दहापैकी नऊ वेळा बरोबर सोडते. ऐकायला ही चाचणी उत्तम वाटते. तिच्यात पाचांपैकी चार-पाच जण सापडतील. पण उरलेल्या ९९५ निरोगी माणसांपैकी सुमारे १०० जणांच्या हातीही संशयाचा अहवाल पडेल. म्हणजे ज्यांची झोप उडेल त्यांतल्या बहुतेकांना काहीच झालेले नसेल.

डी-१०२ : त्या शंभरांतली एक मी आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पॅकेजमध्ये माझे सीए-१२५ वाढलेले निघाले. पुढच्या तपासण्यांत ते एंडोमेट्रिओसिसमुळे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा, कर्करोग नसलेला आजार) वाढल्याचे स्पष्ट व्हायला तीन आठवडे लागले, आणि तेवढ्यात मी बँकेत जाऊन खात्यांवरचे नामनिर्देशनसुद्धा बदलून आले होते.

बी-२०३ : मग तपासणी करूच नये, असे तुमचे सर्वांचे म्हणणे आहे का?

सी-५०१ : तसे मुळीच नाही, दादा. चाळणी-तपासणी तिथे उपयोगी पडते जिथे रोगाला मोठी पूर्वावस्था असते आणि ती हाताशी लागते. गर्भाशयमुखाचा कर्करोग हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. तो जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हा संबंध दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारणपणे १५ ते २० वर्षे जातात आणि या काळात पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन पाहण्याची) किंवा एचपीव्ही विषाणूची चाचणी करून बिघडू लागलेल्या पेशी सापडल्या, तर तेवढाच भाग काढून कर्करोग होण्याआधीच थांबवता येतो. शिवाय २००६ पासून लसही आहे. मोठ्या आतड्यातल्या पॉलिपचेही (अस्तरावर वाढणाऱ्या छोट्या गाठीचेही) असेच आहे : पॉलिप काढला की पुढची कटकट बहुतेक टळते. स्तनांसाठी मॅमोग्राफी, तंबाखू खाणाऱ्यांसाठी तोंडाची तपासणी आणि दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्यांसाठी छातीचा कमी मात्रेचा सीटी स्कॅन, एवढी यादी पुरे. कोणी, कोणत्या वयापासून आणि किती वर्षांनी करायचे, हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारावे.

नुसते जास्त शोधल्याने जास्त जीव वाचतात असेही नाही. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने थायरॉइड तपासण्याची लाट आली, तेव्हा १९९३ ते २०११ या काळात तिथल्या थायरॉइड कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण सुमारे १५ पट झाले, पण त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळपास होते तिथेच राहिले. ज्या गाठींनी आयुष्यभर त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या.

ए-७०४ : काकू, माझे वडील आणि काका दोघेही कर्करोगाने गेले. आमच्या रक्तातच आहे, असे घरात म्हणतात.

सी-५०१ : थेट वारशाने आलेल्या जनुकीय दोषामुळे होणारे कर्करोग साधारण ५ ते १० टक्केच असतात. बाकीच्यांत जनुकांमधले बिघाड जन्मानंतर, पेशी विभागताना एकेक करून साठत जातात. पेशीला वाढ म्हणून सांगणारी जनुके चालूच राहतात आणि थांब म्हणून सांगणारी बंद पडतात. म्हणून वय हा मोठा घटक आहे, आणि तंबाखू त्या बिघाडांचा वेग वाढवते. दोघांना नेमक्या कोणत्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी झाला, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. एकाच प्रकारचे आणि कमी वयातले कर्करोग असतील, तर जनुकीय समुपदेशनाचा विचार करता येईल.

बी-२०३ : एक शेवटची शंका विचारतो. गाठीला सुई लावली की ती पसरते, म्हणून आमच्या एका नातेवाइकांनी बायप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणे) सहा महिने टाळली.

सी-५०१ : या समजुतीने फार नुकसान केले आहे. काही थोड्या गाठींत सुईचा मार्ग आधी नीट आखावा लागतो, ते काम डॉक्टर करतात. पण भीतीपोटी बायप्सी लांबवली तर वाढायला मोकळीक गाठीलाच मिळते. बायप्सीचे तुकडे तपासणीसाठी तयार करणे हेच माझे रोजचे काम होते. काडीच्या टोकाएवढा तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलायचे आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायचे. पेशीकेंद्रे वेडीवाकडी आहेत का, पेशी आपली हद्द ओलांडून आत घुसल्या आहेत का, हे तिथेच दिसते. रक्तातला कोणताही मार्कर ते दाखवू शकत नाही.

सचिव : समितीशी बोलून प्रस्ताव नाकारत आहोत. त्याऐवजी एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांना बोलावून प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ठेवू. तारीख पुढच्या महिन्यात कळवतो.

ए-६०२ : मी इथे सहसा लिहीत नाही. माझा आवाज दीड महिन्यापासून बसलेला आहे. वीस वर्षे सिगारेट ओढतो. शिबिरात दाखवू, म्हणून थांबलो होतो. आता त्या डॉक्टरांच्या कार्यक्रमात विचारले तर चालेल का?

सी-५०१ : नाही. चाळणी-तपासणी लक्षण नसलेल्यांसाठी असते आणि तुम्हाला लक्षण आहे. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला, तर स्वरयंत्र दुर्बिणीने पाहायलाच हवे. कारण साधेही असू शकेल, पण उद्या सकाळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. सोबत कोणी नसेल तर मी येते. दहा वाजता खाली उभी राहीन.