मदत हवी आहे: बचत गटात भाजून होणाऱ्या मृत्यूंबद्दल कसं बोलावं?

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यात आशा गटप्रवर्तक आहे. दसरा झाला की आमच्याकडची बरीच घरं ऊसतोडीला निघतात. त्याआधी बचत गटांत भाजण्याच्या अपघातांवर बोलायचं ठरलंय.

अपघाताचा भाग तयार आहे. कोपी म्हणजे बांबू, पाचट नि प्लॅस्टिकचा कागद, आणि चूल दाराशीच. पहाटे तीन-चारला उठून अर्धवट झोपेत भाकरी थापायच्या, सरपण ओलं असलं की कुणीतरी डिझेल ओततं. नायलॉनची साडी पेटली की वितळून अंगाला चिकटते. फेफरं येणाऱ्या बाईला चुलीपुढे एकटं बसवू नका, हेही सांगणार आहे. भाजलं की वीस मिनिटं वाहतं गार पाणी. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. शिवाय एक अख्खा हात म्हणजे ९ टक्के आणि एक पाय म्हणजे १८ टक्के अंग, तेव्हा 'हातापायालाच तर भाजलंय' म्हणून घरी ठेवू नका. पहिल्या दोन दिवसांत अंगातलं पाणी झिरपून जातं, त्यातून निभावलं तर पुढे जंतुसंसर्ग गाठतो.

अडलंय ते पुढे. २००९ साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात २००१ या एका वर्षात भारतात आगीने १,६३,००० हून जास्त मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. त्यात सुमारे १,०६,००० बायका, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. आकडे जुने आहेत, पण चूल वाईट म्हणून एवढ्या तरण्या बायकाच का जाव्यात? सासू, आजी, नणंदही त्याच चुलीपुढे बसतात.

मागे एका भाजलेल्या सुनेबरोबर मी दवाखान्यात गेले होते. पलंगाच्या पायथ्याशी सासू आणि दीर उभे. कुणीही विचारलं की ती म्हणायची, "स्टोचा भडका उडाला." त्या घरात गॅस आहे, स्टो नाही. मला माहीत होतं, कारण गरोदरपणात मी तिच्याकडे जायचे. तिची दोन लेकरं घरी त्यांच्याच हाती होती. ती वाचली नाही.

लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर अशा मृत्यूची चौकशी तहसीलदारांच्या दर्जाच्या दंडाधिकाऱ्यांकडून होते, हे मला ठाऊक आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि घरातल्या छळाच्या तक्रारी बघणारे संरक्षण अधिकारी यांची माहितीही देणार आहे. पण बैठकीला सासवा आणि सुना एकत्र बसतात.

वॉर्डात काम केलेल्या सिस्टर, डॉक्टर: नातेवाइकांना बाहेर काढून बाईशी एकटीशी बोलायला तुम्ही काय निमित्त काढता?

वकील मंडळी: भाजलेल्या बाईने मला काही सांगितलं तर मी ते कसं लिहून ठेवू? तारीख, वेळ, तिचेच शब्द, एवढं पुरतं का? आणि नंतर लेकरांना धोका होऊ नये म्हणून आधी कुणाला कळवू?

आणि गावात बैठका घेणाऱ्या ताई, सासवांसमोर हा विषय काढताना पहिलं वाक्य तुम्ही काय बोलता? मला तेच सुचत नाहीये. एकदा का त्या उठून गेल्या, की सुनाही उठतात.

घटस्थापनेच्या आधी उत्तरं मिळाली तर बरं होईल. इथे उघड लिहायचं नसेल तर व्यनि करा.