नाशिक (ओझर) ते नागपूर विमान: वेळ नेमका किती धरायचा?

द्राक्षवेल: नेटवर हवाई अंतर ५४६ किमी आणि वेळ पाऊण तास दिसतो. तिकिटावर मात्र दीड-पावणेदोन तास. खरं काय? घरापासून मुक्कामापर्यंत किती धरू? सामान म्हणजे एक मोठी बॅग आणि एक चाकांची छोटी.

धावपट्टी३२: ५४६ बरोबर आहे, कागदावर ताडून बघा. अक्षांशात फरक ०.९७ अंश, गुणिले १११ म्हणजे १०८ किमी. रेखांशात ५.१४ अंश, पण या पट्ट्यात एक अंश १०४ किमीच भरतो, म्हणून ५३५. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ.

पाऊण तास हा जेटचा हिशोब, ताशी ८०० च्या पुढचा. छोट्या मार्गांवर बहुधा एटीआर-७२ असतं, पंख्यांचं. ते ताशी ५०० च्या आसपास जातं, म्हणजे नुसती हवेतली ६५ मिनिटं. त्यात सावकाश चढणं, उतरताना धावपट्टीच्या दिशेसाठी घ्यावा लागणारा वळसा आणि जमिनीवरचं रांगणं मिळवा. शिवाय तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यात कंपनी थोडी ढील ठेवतेच.

वऱ्हाडी_पाहुणा: वारा विसरलात. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो. ताशी ५० धरला तर जाताना ६० मिनिटं, येताना ७३. म्हणून परतीचं विमान वेळापत्रकातच जास्त वेळ दाखवत असेल तर दचकू नका.

जानोरी_फाटा: नकाशात नुसतं ‘ओझर’ टाकू नका. एक ओझर जुन्नर तालुक्यात आहे, विघ्नहर गणपतीचं. दर्शन होईल, विमान मिळणार नाही. आपल्या ओझरलाही एचएएलच्या (विमान कारखान्याच्या) वसाहतीकडे नाही, जानोरीच्या बाजूच्या प्रवासी टर्मिनलला जायचं. सीबीएसवरून (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून) ४० मिनिटं धरा, आग्रा रोडला गर्दी असेल तर तासभर. सामानाचा काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचा.

छोटी बॅग कडक असेल तर एटीआरच्या वरच्या कप्प्यात बसत नाही. शिडीपाशी चिठ्ठी लावून ती खाली ठेवायला घेतात. त्याआधी पॉवर बँक, औषधं आणि लॅपटॉप बाहेर काढून घ्या. पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही, आणि ऐनवेळी शिडीवर बॅग उघडून शोधाशोध म्हणजे मागची सगळी रांग तुमच्या नावानं.

धावपट्टी३२: एकूण साडेचार तास धरा: रस्ता १, विमानतळ दीड, प्रवास पावणेदोन, उरलेला वेळ सामान घेण्यात आणि रिक्षात. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, गावातच आहे. एकच विमान दिवसभर फेऱ्या मारत असेल, तर सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो. त्यामुळे आपलं विमान त्याआधी कुठून येतंय ते ॲपवर बघून मग घर सोडा.

वऱ्हाडी_पाहुणा: थेट विमान त्या दिवशी नसेल तर मुंबईमार्गे फिरण्यात अर्थ नाही. रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस नाशिकरोडहून साधारण ११ तासांत नागपूरला सोडते. गाडी असेल तर समृद्धी महामार्ग: इगतपुरी तालुक्यातलं भरवीर ते नागपूर ६०० किमी, कारला कमाल १२०, थांबे धरून सात-साडेसात तास. प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना त्यांतली हवा तपासा.

द्राक्षवेल: परतीला वाऱ्याची १३ मिनिटं धरून पुढची टॅक्सी सांगतो. मोठ्या बॅगेला वजनाची मर्यादा किती?

जानोरी_फाटा: सहसा १५ किलो, हातातली ७. तिकिटावर छापलेलं असतं, तेच खरं माना. घरच्या काट्यावर १४ च्या आतच ठेवा.