'तुंबाडचे खोत' ग्रुपमध्ये वाचतोय, गाडी अडलीय

खाडीकाठ: दापोलीत आम्ही काही जण पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' (१९८७) एकत्र वाचतोय, दोन जाडजूड खंड, चार पिढ्या, आणि कोण कुणाचा मुलगा यातच अर्धी बैठक जाते. त्यात भातलावणी सुरू झाली की निम्मी मंडळी गायब. कसं जमवायचं?

सुरंगी: कार्डशीटवर वंशावळ काढा नि भिंतीला लावा, नवीन माणूस आला की तिथेच नाव टाकायचं. पुढची नावं आधीच लिहू नका हां, सगळी मजा जाते.

जगबुडीवाला: मी खेडचा, कादंबरीतली नदी रोज बघतो 😄 पानांचं टार्गेट नको, पिढीवार वाचा. जे येत नाहीत त्यांना कुणीतरी तोंडी सांगायचं, आमच्या एक काकू असं रंगवतात की पुस्तक बाजूला राहतं. आणि खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करायचा खोतांचा वंशपरंपरागत हक्क, काय होती हे पोरांना माहीतच नसतं, बाबासाहेबांनी १९३७ ला खोती रद्द करायचं विधेयक मांडलं होतं, कायदा आला १९४९ ला. कुळाच्या, म्हणजे खोताची जमीन कसणाऱ्याच्या, घरातलं कुणी म्हातारं माणूस बोलवा एकदा.

खाडीकाठ: हे भारी आहे. वाद होणार पण, ग्रुपमध्ये खोतांच्या घरातले पण आहेत. होऊदे.