'ब्लॅकआउट'ला भोवळ म्हणावं का?

अक्षरवेडी: रॉबर्ट सॉयर यांची 'फ्लॅशफॉरवर्ड' (१९९९) ही कादंबरी आणि तिच्यावरची एबीसी वाहिनीची मालिका यांवर लेख लिहितेय. जगातल्या सगळ्यांची एकाच क्षणी शुद्ध हरपते आणि तेवढ्यात प्रत्येकाला आपलं पुढचं आयुष्य दिसतं, अशी गोष्ट. मी 'भोवळ' लिहिलं, संपादकांनी खोडून 'घेरी' केलं. तुम्ही काय लिहाल?

खडूफळा: दोन्ही नाही. भोवळ आणि भोवरा एकाच घरातले, घेरीत तर घेरच आहे. म्हणजे गरगरणं आलं. इथे कोणी गरगरत नाही. 'शुद्ध हरपणे' असताना शोधायचं कशाला?

नांदेडकर: व्युत्पत्ती काहीही असो. आमची आजी उपासाच्या दिवशी 'घेरी आली गं' म्हणत भिंत धरून बसायची, आणि बसल्या बसल्या बोलतही असायची. भोवळ आली की माणूस आडवाच. हा फरक घराघरांत पाळला जातो. भोवळच ठेवा.

अक्षरवेडी: 'शुद्ध हरपणे' चालेल, पण मला नाम हवंय. पानोपानी लागतं. सरळ ब्लॅकआउट लिहू?

दादरकर: नको. माझ्या पिढीला ब्लॅकआउट म्हटलं की १९७१चं युद्ध आठवतं. खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग.

खडूफळा: मग 'शुद्धिलोप' घ्या. नेमका आहे.

नांदेडकर: कादंबरीत मिचिकोची लहान मुलगी त्याच वेळी बेताल सुटलेल्या गाडीखाली जाते. 'शुद्धिलोपात माझी लेक गेली' असं कुठली आई म्हणेल? माणसाच्या तोंडात बसत नाही तो शब्द कथेत घालू नये.

खडूफळा: वापरल्याशिवाय तोंडात बसणार कसा? सगळेच शब्द कधीतरी नवे होते.

रात्रपाळी: त्या अवस्थेत जे दिसतं त्याला काय म्हणणार? कादंबरीत २१ वर्षं पुढचं दिसतं, मालिकेत जेमतेम सहा महिन्यांनंतरचं. 'भाकीत' चालणार नाही, ते कोणीतरी सांगावं लागतं. मला 'झलक' आवडतो.

खडूफळा: झलक हिंदीच्या वाटेने आलाय. आपला 'झळक' आहे.

रात्रपाळी: झळक कोण म्हणतं आता? 'झळकणे' उरलंय, तेही पेपरात नाव येण्यापुरतं.

दादरकर: कादंबरीतल्या थिओला तर काहीच दिसत नाही, कारण २१ वर्षांनी तो हयातच नसणार. बाकीचे आपापलं पाहिलेलं सांगताहेत आणि हा आपल्या खुनाची माहिती परक्यांकडून गोळा करतोय. कादंबरीत मला सर्वांत भिडलं ते हेच. मालिकेत ही जागा डिमेट्रीला दिलीय, पण तिथे एफबीआयच्या तपासाचीच धावपळ जास्त.

रात्रपाळी: तरी मालिका मला आवडली होती. २२ भागांत बंद पडली. शेवटी पुन्हा सगळे कोसळतात आणि पुढे काहीच नाही. कादंबरी निदान पूर्ण तरी होते.

नांदेडकर: बंद पडली नाही, वाहिनीने गुंडाळली. बंद पडतं ते घड्याळ.

दादरकर: नाटकही बंद पडतं की! प्रेक्षक येईनासे झाले की 'बंद पडलं' असंच म्हणतात.

अक्षरवेडी: लेख उद्या द्यायचाय. भोवळ की शुद्धिलोप?

खडूफळा: नाटक 'बंद पडतं' ते प्रयोग थांबतात म्हणून. मालिकेला प्रयोग कुठे असतात?