पंपिंग २८ टक्के, छातीत दुखत नाही: आधी स्टेंट की आधी गोळ्या?

तिठा (धागा सुरू करताना)

अँजिओग्राफीनंतर नातेवाईकांना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तिन्ही नसांत ब्लॉक आहेत, पंपिंग २८ आहे, स्टेंट टाकले की पंपिंग वाढेल." पंपिंग म्हणजे प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो तो आकडा. अर्ध्या तासात संमतीची सही होते. माझं म्हणणं असं की पंपिंग ३५ च्या खाली असेल, छातीत दुखत नसेल आणि गेल्या महिन्याभरात अटॅक आलेला नसेल, तर ती सही त्या दिवशी करू नये. आधी गोळ्या पूर्ण मात्रेपर्यंत न्याव्यात.

चालू अटॅकबद्दल मी बोलत नाही. तिथे बंद नस जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो, त्यात वाद नाही. वाद आहे तो हळूहळू दमलेल्या हृदयाचा.

"स्टेंटने पंपिंग वाढेल" या वाक्यामागचा विचार चुकीचा वाटत नाही. हृदयाचा स्नायू विश्रांतीतसुद्धा रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतो. पायाच्या स्नायूला गरज पडली की तो त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढतो. हृदयाला ती सोय नाही, त्याला जास्त रक्तच लागतं. तेही डाव्या कप्प्याला मुख्यतः हृदय सैल पडतं त्या क्षणात मिळतं, कारण आकुंचनाच्या वेळी आतल्या नसा दाबल्या जातात. रक्त सतत कमी पडलं की स्नायू मरत नाही, पण काम कमी करतो. या 'झोपलेल्या' स्नायूची कल्पना १९८० च्या दशकात शहाबुद्दीन रहिमतुला यांनी रूढ केली. रक्त द्या, स्नायू जागा होईल, इतकं ते सरळ होतं.

मग २०२२ मध्ये ब्रिटनमधला रिव्हाइव्ह्ड अभ्यास आला. ४० केंद्रं, ७०० रुग्ण, पंपिंग ३५ किंवा कमी, नसांत मोठा आजार, आणि झोपलेला पण जिवंत स्नायू आहे हे तपासून घेतलेलं. निम्म्यांना स्टेंट आणि गोळ्या, निम्म्यांना फक्त गोळ्या. सुमारे साडेतीन वर्षांनी मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती: स्टेंट गटात ३७.२ टक्के, गोळ्यांच्या गटात ३८. पंपिंग दोन्ही गटांत वाढलं आणि जवळपास सारखंच वाढलं. म्हणजे ते वाढवलं गोळ्यांनी.

दीपमाळ

तिठा, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष ताणलेला आहे. त्या अभ्यासातल्या दोन-तृतीयांश रुग्णांना छातीत दुखतच नव्हतं आणि सरासरी वय सत्तरच्या घरात होतं. आपल्याकडे पंचावन्नाव्या वर्षी तिन्ही नसा बंद असलेला मधुमेही माणूस ही रोजची गोष्ट आहे. शिवाय आयुष्य कसं गेलं तेही बघा: पहिल्या वर्षी स्टेंट गटाला बरं वाटत होतं (दोन वर्षांनी तो फरक विरला, हे मान्य), आणि नंतर अचानक नस उघडावी लागण्याचं प्रमाण स्टेंट गटात २.९ टक्के, दुसऱ्यात १०.५. हा फरक लहान नाही.

आणि मधुमेह्याला छातीत दुखत नाही याचा अर्थ रक्त कमी पडत नाही असा होत नाही. मज्जातंतू बधिर झालेले असतात. त्याची धाप हेच त्याचं दुखणं असतं.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. 'पूर्ण मात्रेतल्या गोळ्या' हा उपचार ब्रिटनच्या केंद्रांत मिळाला. इथे बीड किंवा गडचिरोलीहून आलेला माणूस डिस्चार्जनंतर दोन महिन्यांनी परत येतो, तेव्हा चारपैकी दोन गोळ्या बंद केलेल्या असतात. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते. ओपीडीतल्या महिन्याच्या गोळ्या बहुतेकदा खिशातून जातात. जो उपचार प्रत्यक्षात पोचत नाही, त्याच्या भरवशावर नस बंद ठेवायची?

अनुस्वार

मध्ये बोलतो, कारण दोघेही 'पंपिंग' हा आकडा दगडावरची रेघ असल्यासारखा वापरताय.

टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हा आकडा दोन पद्धतींनी येतो: नुसत्या नजरेने, किंवा डाव्या कप्प्याची आतली कड दोन छेदांत आखून आकारमान मोजून. नजरेने सांगितलेल्या २५ आणि ३० मध्ये काही फरक समजू नये. एकाच रुग्णाचा इको दोन जणांनी केला तर पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो. त्यामुळे 'स्टेंटनंतर २८ चं ३४ झालं' हा पुरावा नव्हे. एकच यंत्र, एकच पद्धत, नाडीची गती साधारण तीच, आणि मध्ये किमान तीन महिने, एवढं असेल तर तुलना करा. नाडी १२० असताना काढलेला इको आणि ६५ असताना काढलेला इको एका ओळीत लिहूच नये.

अहवालात आकड्याखाली असतं ते जास्त बोलतं. भिंत सहा मिलिमीटरहून पातळ आणि चकाकणारी दिसत असेल तर तिथे बहुधा डाग आहे, स्नायू नाही. जाडी टिकून असेल आणि भिंत हलत नसेल, तर झोपलेला स्नायू असू शकतो. डोब्युटामिन चाचणीत (हृदयाला जोर लावायला लावणारं औषध देत इको करतात) आधी किलोमागे ५ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिनिट दिल्यावर ती भिंत हलू लागते आणि मात्रा वाढवल्यावर पुन्हा थांबते. हा दुहेरी प्रतिसाद म्हणजे स्नायू जिवंत आहे, पण रक्त पुरत नाही. एमआरआयमध्ये डाग भिंतीच्या निम्म्याहून जास्त जाडीत पसरला असेल तर तो भाग सुधारण्याची आशा फार थोडी.

आणि आता दीपमाळ यांना न आवडणारी गोष्ट. रिव्हाइव्ह्डमध्ये जिवंत स्नायू जास्त असलेल्यांनाही स्टेंटचा जास्त फायदा झाला नाही. पुढे काय होणार हे सांगितलं ते डागाच्या प्रमाणाने. म्हणून 'स्नायू जिवंत आहे, म्हणून स्टेंट टाका' हे वाक्य आता इतक्या खात्रीने म्हणता येत नाही.

रानजाई

या चर्चेत बायपास कुठेच नाही, याचं आश्चर्य वाटतं. कमकुवत हृदयात नस उघडून जीव वाचतो, याचा सर्वांत मोठा पुरावा शस्त्रक्रियेचाच आहे. स्टिच अभ्यास: १२१२ रुग्ण, पंपिंग ३५ किंवा कमी, बायपास आणि गोळ्या विरुद्ध फक्त गोळ्या. पाच वर्षांनी एकूण मृत्यूंत ठोस फरक नव्हता. दहा वर्षांनी मृत्यू ५८.९ विरुद्ध ६६.१ टक्के. सरासरी सुमारे दीड वर्षाचं आयुष्य मिळालं. पहिल्या महिन्यात शस्त्रक्रियेच्या बाजूला मृत्यू जास्त झाले, फायदा दिसायला दोनेक वर्षं गेली. म्हणजे ज्याच्यापुढे दहा वर्षं आहेत त्याचं हे ऑपरेशन आहे.

पंपिंग न वाढताही जीव का वाचतो? स्टेंट नसेतला छोटासा तुकडा दुरुस्त करतो. छातीतली धमनी डाव्या पुढच्या नसेला खाली जोडली की वरच्या सगळ्या भागात उद्या कुठलाही ब्लॉक फुटून नस बंद पडली, तरी खालच्या स्नायूला रक्त मिळत राहतं. स्नायू जागा करणं दुय्यम. पुढचा अटॅक निष्प्रभ करणं मुख्य. 'पंपिंग वाढेल' हे आमिष दाखवूनच आपण रुग्णाशी बोलायला सुरुवात करतो, तिथेच चुकतं.

मधुमेही आणि अनेक नसांचा आजार असेल तर फ्रीडम अभ्यास बघा (१९०० रुग्ण, २०१२): पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात स्टेंटमध्ये २६.६ टक्के, बायपासमध्ये १८.७. त्यात कमकुवत हृदयाचे रुग्ण थोडेच होते, हे मात्र लक्षात ठेवावं.

तिठा

रानजाई, बायपासबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. माझा धागा स्टेंटबद्दल आहे. बायपासचा पुरावा उसना घेऊन स्टेंट विकला जातो, यावर माझा आक्षेप आहे.

दीपमाळ, 'गोळ्या पोचत नाहीत म्हणून स्टेंट' हा तर्क उलटा आहे. स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या) महिनोन् महिने न चुकता घ्यावी लागते. जो माणूस दोन महिन्यांत गोळ्या सोडतो, त्याच्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन आधी नव्हता तो अटॅक येऊ शकतो. पंपिंग २८ असलेल्याला तो झेपत नाही. गोळ्या न घेणाऱ्यासाठी स्टेंट हा सुरक्षित पर्याय नाहीच. २०१७ पासून औषधी स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली, तेव्हा ती २९,६०० रुपये होती; पण स्टेंट तीन टाकले तर खर्च तिप्पट होतोच.

खडीसाखर

औषधांच्या बाजूने लिहिते, कारण 'पूर्ण मात्रा' म्हणजे काय हे कोणीच सांगितलेलं नाही. चार गोळ्या आहेत, चारही लागतात.

सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन: ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तिथून १०० आणि मग २००. आधी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर ते बंद करून ३६ तास थांबायचं, नाहीतर ओठ-जीभ सुजण्याचा धोका. ही चूक प्रत्यक्षात होते, कारण जुनी स्ट्रिप घरात उरलेली असते.

बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आणि ताण कमी करणारी गोळी): बिसोप्रोलॉल १.२५ पासून १० पर्यंत, किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट १२.५-२५ पासून २०० पर्यंत. नाव नीट वाचा, सक्सिनेट. कमकुवत हृदयातला पुरावा त्याचा आहे, टार्ट्रेटचा नाही. अंगात पाणी साचलेलं असताना याची मात्रा वाढवू नये. आधी लघवीची गोळी देऊन सूज उतरवायची.

स्पायरोनोलॅक्टोन २५: पोटॅशियम ५ च्या आत असेल तरच सुरू. सुरू केल्यावर एका आठवड्याने आणि चार आठवड्यांनी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) तपासायचं. कमी सोडियमचं मीठ म्हणून विकतात त्यात पोटॅशियम असतं, आणि कोकणात दिवसाला दोन शहाळी पिणारे भरपूर आहेत. दोन्ही विचारून घ्यावं.

डापाग्लिफ्लोझिन १०: मात्रा वाढवावी लागत नाही, मधुमेह नसला तरी चालतं. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर किंमत खूप उतरली. उलट्या-जुलाब किंवा कडक उपास असेल त्या दिवशी बंद.

सगळ्यात जास्त बिघडतं ते दोन कारणांनी. वरचा रक्तदाब ९५ दिसला की, चक्कर नसतानाही, गोळी बंद केली जाते. आणि गुडघ्यासाठी घेतलेलं डायक्लोफिनॅक: ते मीठ-पाणी धरून ठेवतं, किडनी बिघडवतं आणि महिन्याचं काम चार दिवसांत धुऊन टाकतं. वजन रोज सकाळी करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न पाहता कळवायचं.

हे सगळं सहा महिन्यांत रांगत करायची गरज नाही. स्ट्राँग-एचएफ अभ्यासात (२०२२, १०७८ रुग्ण) डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण मात्रा गाठली आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या आठवड्यात तपासणी केली. १८० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा भरती १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३.३.

दीपमाळ

खडीसाखर यांचा प्रतिसाद प्रत्येक डिस्चार्ज कार्डाच्या पाठीवर छापावा असा आहे. आणि तिठा, गुठळीचा मुद्दा मला मान्य करावा लागतो.

तरी दोन ठिकाणी मी हटणार नाही. डाव्या मुख्य नसेत ५० टक्क्यांहून जास्त ब्लॉक असेल तर तीन महिने गोळ्या वाढवत बसू नये. बायपास किंवा स्टेंट, काय ते लवकर ठरवा. आणि गोळ्या चालू असूनही छातीत दुखतच असेल तर स्टेंट मदत करतो. ऑर्बिटा-२ मध्ये (२०२३, ३०१ रुग्ण) अर्ध्यांना खोटी अँजिओप्लास्टी (स्टेंट न टाकता नुसता देखावा) केली होती. दुखणं पूर्ण थांबलं स्टेंट गटात ४० टक्क्यांचं, खोट्या गटात १५ टक्क्यांचं. तिथे दुखण्यावरच्या गोळ्या बंद होत्या, हे सांगायला हवं.

भैरवगड

ठिबकाने नसा 'साफ' करून देण्याच्या जाहिराती येतात, त्यावर कोणी बोलेल का?

अनुस्वार

किलेशन म्हणतात त्याला. अटॅक येऊन गेलेल्या मधुमेह्यांवरच्या टॅक्ट-२ अभ्यासात २०२४ मध्ये फायदा दिसला नाही. त्या पैशांत वर लिहिलेल्या चार गोळ्या बऱ्याच महिन्यांच्या येतील.

रानजाई

डाव्या मुख्य नसेबाबत दीपमाळ यांना पाठिंबा. मी पुढे जाऊन म्हणेन, बावन्न वर्षांचा मधुमेही, तिन्ही नसा, खालच्या नसा जोडण्याजोग्या, किडनी ठीक: याला पहिल्याच दिवशी सर्जनपुढे बसवा. गोळ्या सुरू करा, पण तीन महिने थांबू नका.

तिठा

डाव्या मुख्य नसेचा अपवाद मान्य, बावन्न वर्षांच्या रुग्णाबद्दलही मान्य. पण त्याच वॉर्डात चौऱ्याहत्तर वर्षांची बाई असते, क्रिएटिनिन २.१, छातीत दुखत नाही, नसा बारीक आणि चुनखडीने भरलेल्या. तिला ऑपरेशन झेपत नाही म्हणून 'निदान स्टेंट तरी' म्हणत तीन स्टेंट टाकले जातात, त्यात अडीचशे मिलिलिटर डाय (नसा एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) जातो आणि किडनी खाली बसते. मग त्याच किडनीमुळे सॅक्युबिट्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही देता येत नाहीत. तिच्यासाठी मी हा धागा काढला. तीन महिने गोळ्या, मग त्याच यंत्रावर इको, आणि पंपिंग तरीही ३५ च्या खालीच राहिलं तर अचानक मृत्यू टाळणाऱ्या डिफिब्रिलेटरचा विचार. दीपमाळ, तिच्या बाबतीत तुम्ही वेगळं काय कराल?

दीपमाळ

तिच्या बाबतीत काही नाही. तिला मीही कॅथलॅबमध्ये (स्टेंट टाकतात त्या खोलीत) नेणार नाही. वाद त्या दोघांच्या मधल्या रुग्णाचा आहे: चौसष्ट वर्षं, क्रिएटिनिन १.३, थोडी धाप, दुखतं की नाही हे त्यालाच नीट सांगता येत नाही. त्याला मी सहा आठवडे खडीसाखर यांच्या यादीप्रमाणे गोळ्या देईन, तुम्ही म्हणता तसे तीन महिने नाही. सहा आठवड्यांत धाप तशीच राहिली तर नस उघडायची का, हे तेव्हा सर्जनला सोबत घेऊन ठरवू.