लघुप्रबंधात साम्य १८ टक्के, गाईड परत पाठवणार का?

एम.ए.चा लघुप्रबंध, विषय कोल्हापूरचा २०१९ चा पूर. राजारामपुरीत बाइंडिंगला टाकणार होतो, तेवढ्यात वाङ्मयचौर्य तपासणीचा (दुसऱ्यांच्या मजकुराशी किती जुळतं त्याचा) हा रिपोर्ट. आता काय करू?

↳ बाइंडिंग थांबव भावा! यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. पण संदर्भसूची, ऋणनिर्देश, श्रेय दिलेली अवतरणं धरत नाहीत. ती वगळून परत तपासून घे.

↳ मी प्रबंध तपासते. टक्का नंतर, आधी तळटीपा. शिरोळच्या मुलाखती तू घेतल्यास ना? मग त्या प्रकरणात पेपरातलं ‘पुराने थैमान घातले’ कशाला? दर वर्षी लाल पेनानं तेच खोडते.

↳ मॅडम, सूची वगळून ११ आलं. थैमान काढतोय.